लोण्याची स्तुती

आधी केशर.
पीठ नंतर, बाही दुमडणंही नंतर.
आदल्या रात्री कपात काड्या मोजून घाल,
वर कोमट पाणी, वर बशी,
आणि झोपायला जा.
घाई करणाऱ्याला केशर नुसता रंग देतं.

मोजून म्हटलं मी, डेर्वा, अंदाजानं नव्हे.
आमच्या ट्रेगॅरिकमध्ये केशर औषधवाल्याकडे मिळायचं,
दातदुखीच्या लवंगतेलाशेजारी, कुलपात.
तो श्वास रोखून तोलायचा.
एक उसासा टाकला तर
शिलिंगभर माल उडून जायचा.

सकाळी दोन पौंड पिठात
अर्धं लोणी, अर्धी डुकराची चरबी
बोटांच्या टोकांनी चोळ. तळवा लावू नकोस,
तळवा गरम असतो, आणि बावळट.
रवाळ झालं की साखर, मीठ, बेदाणे,
पाकात मुरलेली लिंबाची साल.
मधे खळगा, त्यात फसफसलेलं यीस्ट,
आणि मग तो कप,
काड्यांसकट.
गाळून घेणारे लोक असतात.
आपण त्यांच्यातले नाही.

आता थांब.
चरबीनं जड झालेली कणीक
उशिरा उठणाऱ्या पोरासारखी,
हाका मारून उपयोग नाही.
वर ओला पंचा टाक. तोवर सांगते.

बावन्न साल. साखर अजून कुपनावर,
केशर यायचं तेव्हा यायचं.
चॅपेलच्या मुलांची जुलैतली चहाची जत्रा तोंडावर.
एकशे चाळीस बन, एकेक बशीएवढा,
असा शब्द माझ्या वडिलांनी, हेंडर नॅन्कॅरोंनी,
चारचौघांत देऊन ठेवलेला.
गुरुवारी रात्री मी जिन्यावरून पाहिलं :
कपात काड्या नव्हत्या.
शेजारी एक चपटी बाटली होती,
आणि तिच्यातला पिवळा थेंब
खोटं पसरतं तसा पाण्यात पसरला,
लगेच, आणि सगळीकडे सारखा.

शनिवारी बँड वाजला, निशाण निघालं,
गळ्यात दोरीनं कप बांधलेली पोरं रांगेत.
बन पिवळेधमक. इतके पिवळे
गावानं कधी पाहिले नव्हते.
म्हाताऱ्या क्लॅरिंडा बोलिथोनं पहिला घास घेतला.
चावत राहिली.
वाळल्या गवताचा, मधाचा, किंचित कडवट
तो वास शोधत असणार.
मग बाबांकडे बघून म्हणाली,
"लोणी छान लागलंय, हेंडर."

बस्स. लोणी.
मग सगळ्या गावानं लोण्याचीच स्तुती केली,
एकामागून एक, टोप्या काढून,
आणि बाबा प्रत्येकापुढे मान लववत गेले,
दर स्तुतीगणिक जरासे खुजे होत.
मी सात वर्षांची. मला वाटलं,
आमचं लोणी खरंच प्रसिद्ध झालं.

बाटली त्यांनी फेकली नाही.
फळीवर ठेवली, मापांच्या शेजारी,
पीठ मळताना समोर येईल अशी.
पुढच्या जुलैत भिंतीवरचं घड्याळ दिसेना,
आणि औषधवाल्यानं म्हणे
एकाच गिऱ्हाइकासाठी दोनदा श्वास रोखला.
क्लॅरिंडा तोवर गेली होती.
तिच्या वाट्याचा बन बाबा
तिच्या बंद दाराच्या पायरीवर ठेवून आले.
समुद्रपक्ष्यांनी नेला असेल.
निदान त्यांना तरी कळलं असेल.

उठली का कणीक?
दुप्पट नाही होत ही. दीडपट पुरे.
गोळे कर, वर काही चोपडू नकोस.
भट्टीत वीस-पंचवीस मिनिटं,
मग उलटा करून बुडावर टकटक कर :
पोकळ वाजला की झाला.
फोडलास की आत कुठेकुठे
तांबडी रेघ दिसेल,
काडी जिथं रेंगाळली तिथं.
खरा बन सगळीकडे सारखा पिवळा नसतो.

ती बाटली? ती काय, तिथेच.
धूळ पूस हवं तर.
हलवू नकोस.